वीस प्रश्नांतला माणूस

टीकाकाराने कोणत्या कृतीवर लिहावे आणि कोणत्या कृतीवर लिहू नये, असा काही दंडक नाही. कादंबरी, नाटक, कवितासंग्रह यांवर सगळेच लिहितात. मी आज जिच्याविषयी लिहिणार आहे ती कृती अवघी एका पानाची आहे. तिच्यात वीस वाक्ये आहेत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. तिला कथानक नाही, निसर्गवर्णन नाही. पात्र मात्र एक आहे, आणि त्या पात्राच्या जागी वाचकाने स्वतः उभे राहायचे असते. शेवटी बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून आपण कोण हे ठरवायचे. इतक्या थोडक्यात वाचकाचा निकाल लावून मोकळी होणारी दुसरी कृती माझ्या पाहण्यात नाही. राशिभविष्यसुद्धा निदान 'ग्रहमान अनुकूल राहिल्यास' अशी पुस्ती जोडते.

ही कृती म्हणजे इंटरनेटच्या व्यसनाची प्रश्नावली. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय काहीसा कडू आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या घरात हा अंक वाचला जाईल त्या घरात निदान तीन मोबाइल असतील, आणि त्यांपैकी एकावरून या आठवड्यात एकदा तरी भांडण झाले असेल. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

ती माझ्या हाती आली ती अशी. गेल्या पावसाळ्यात नातवाच्या शाळेने नववीच्या वर्गात हे कागद वाटले, मुलांकडून भरून घेतले आणि बेरजा करून पालकांकडे पाठवले. आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांची बेरीज ५७ आली. खाली शिक्का होता : 'मध्यम स्वरूपाचे व्यसन. पालकांनी लक्ष द्यावे.' पालकांनी लक्ष दिले. मोबाइल कपाटात गेला, कपाटाची किल्ली सूनबाईंच्या पर्समध्ये गेली. रविवारी मुलाचे मामा जेवायला आले, त्यांनी थट्टेने 'काय रे व्यसनी' अशी हाक मारली, आणि पोरगा अर्ध्या ताटावरून उठून गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात चौदा वर्षांच्या मुलाला पाहण्याची दृष्टीच बदलली. तो अभ्यासाला बसला तर 'लपवतोय', नाही बसला तर 'लक्षणे दिसताहेत'.

मी हयातभर शाळेत मराठी शिकवले. चांगले लिहिणे मला फारसे साधले नाही, पण प्रश्नपत्रिका काढण्यात आणि तपासण्यात चौतीस वर्षे गेल्यामुळे वाईट प्रश्न कोणता हे मला दुरून ओळखू येते. म्हणून तो कागद मी मागून घेतला आणि एखादी कथा वाचावी तसा सावकाश वाचला.

आधी कर्त्याविषयी, म्हणजे कर्त्रीविषयी, चार शब्द सांगितले पाहिजेत. शाळांतून आणि दवाखान्यांतून ज्या प्रश्नावल्या फिरतात त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची, आणि आमच्या घरी आलेला कागद तिचेच मराठी रूप होते. १९९६ साली टोरोंटोला भरलेल्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी आपला पहिला निबंध वाचला. त्यात आठच प्रश्न होते. हे आठ प्रश्न त्यांनी जुगाराच्या विकाराचे जे निकष तेव्हा वैद्यकात रूढ होते त्यांवरून बेतले होते. आठांपैकी पाचांना 'होय' म्हणणारा तो इंटरनेटच्या आहारी गेलेला, असा त्यांचा हिशेब. पुढे १९९८ साली त्यांनी 'कॉट इन द नेट' हे पुस्तक लिहिले, त्यात प्रश्नांची संख्या वीस झाली आणि 'होय-नाही'च्या जागी गुण आले. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच, एकूण शंभर. पन्नासाच्या पुढे काळजी, ऐंशीच्या पुढे मोठी काळजी. यंग २०१९ साली वारल्या, पण त्यांचे वीस प्रश्न अनेक भाषांतून अजून भरले जात आहेत. कोणत्याही ग्रंथकर्त्याने हेवा करावा असा हा खप आहे.

या कथेला एक गमतीदार पूर्वरंगही आहे. यंगबाईंच्या आधी एक वर्ष, १९९५ साली, न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी 'इंटरनेटव्यसनाचा विकार' या नावाने एक लक्षणांची यादी लिहिली होती. बोटे आपोआप टंकलेखनाच्या हालचाली करतात, हेही त्यांतले एक लक्षण. ही सारी थट्टा होती. मनोविकारांच्या अधिकृत ग्रंथाच्या जडजंबाल भाषेची त्यांनी नक्कल केली होती. पण लोकांनी ती खरी मानली आणि 'आम्हांला हाच आजार आहे' असे सांगत ते पुढे आले. विडंबन करणाऱ्याची याहून मोठी फजिती कोणती? तरी या फजितीतून एक गोष्ट कळते. लक्षणांची यादी कोणी थट्टेने लिहिली तरी तिच्यात स्वतःला शोधणारी माणसे निघतातच. काही जण निव्वळ भोळे असतात, आणि काही जण खरोखरच दुःखात असून त्या दुःखाला नाव शोधत असतात. हे दोन प्रकार वेगळे करणे हेच प्रश्नावलीचे काम.

ते काम ती कसे करते? प्रथम तिच्यातले पात्र पाहू. वीस प्रश्न ओळीने वाचले की एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तो प्रौढ आहे, त्याला जोडीदार आहे, त्याच्या सहवासापेक्षा इंटरनेट बरे वाटते का असे त्याला विचारलेले आहे. त्याला नोकरी आहे, घरकाम आहे, आणि दुसरे काही करण्याआधी आपली ई-पत्रे पाहण्याची खोड आहे. अंधाऱ्या खोलीत टेबलावरच्या संगणकापुढे बसलेला हा १९९८ सालचा अमेरिकन गृहस्थ. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. त्या काळी ते टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचे आणि तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागायचे. तेव्हा इंटरनेटवर 'जाणे' ही एक स्पष्ट क्रिया होती. आज माझी सून सकाळी उठून दुधाचे पैसे मोबाइलवर देते, नातवाचा गृहपाठ मोबाइलवर येतो, गावी जायचे तिकीट मोबाइलवर निघते. २०२० सालच्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाइलवर भरली. आणि मग त्याच मुलाला आपण विचारतो की, बाळ, तू ठरवल्यापेक्षा जास्त वेळ इंटरनेटवर राहतोस का? ठरवले कोणी होते? शाळेनेच ना?

शाळेने जोडीदाराचा प्रश्न बदलून 'मित्रांचा सहवास' असे केले होते, हे तिच्या शहाणपणाला शोभले. पण ई-पत्रांचा प्रश्न तसाच ठेवला होता. नातवाने त्यापुढे दोन गुण लिहिले होते. मी विचारले, 'तुला ई-पत्रे कोण पाठवतो?' म्हणाला, 'कोणीच नाही, आजोबा. पण शून्य लिहिलं तर सर म्हणतील, खोटं लिहिलंय.' परीक्षेला बसलेल्या मुलाचे हे मानसशास्त्र शिक्षकाला चांगले ठाऊक असते.

दुसरी गोष्ट भाषेची. मूळ इंग्रजीत उत्तरांच्या पाच पायऱ्या आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीसाठी जे दोन शब्द योजले आहेत त्यांच्या अर्थात इंग्रजीतही फारसे अंतर नाही. मराठीत आलेल्या कागदावर तिसरी पायरी 'वारंवार' आणि चौथी 'बऱ्याच वेळा' अशी होती. मी घरात तिघांना विचारले : 'वारंवार' जास्त की 'बऱ्याच वेळा' जास्त? सौभाग्यवती म्हणाल्या, 'वारंवार' जास्त. चिरंजीव म्हणाले, दोन्ही सारखेच. सूनबाई म्हणाल्या, 'कशाबद्दल विचारताय त्यावर आहे.' या तिघांत मला सूनबाईंचे उत्तर सर्वांत शास्त्रीय वाटले. आता हिशेब पाहा. जो मुलगा सगळ्या प्रश्नांना 'वारंवार' म्हणेल त्याचे साठ गुण होतात, म्हणजे मध्यम. जो सगळ्यांना 'बऱ्याच वेळा' म्हणेल त्याचे ऐंशी, म्हणजे गंभीर. ज्या दोन शब्दांचा क्रम आमच्या घरात तीन माणसांना लावता आला नाही त्यांच्या आधारावर एक मुलगा घरी राहतो आणि दुसरा डॉक्टरांकडे जातो.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. वीस प्रश्नांपैकी निदान चार प्रश्न मुळात एकट्या माणसाविषयी नाहीतच. तुझ्या वेळेबद्दल इतर लोक तक्रार करतात का? काय करतोस असे कोणी विचारले तर लपवतोस का? कोणी मध्ये बोलले तर खेकसतोस का? किती वेळ घालवलास ते दडवतोस का? या चारही प्रश्नांत दुसरे माणूस हजर आहे, आणि गुण त्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून आहेत. दोन खोल्यांच्या घरात आई, बाप, आजी, आजोबा यांच्या आठ डोळ्यांखाली बसलेल्या मुलाला तक्रारीला तोटा नाही. त्याचे वीसच्या वीस गुण तयार. स्वतंत्र खोलीत दार लावून बसलेल्या मुलाला कोण तक्रार करणार? तो रात्रभर जागला तरी या चार प्रश्नांत त्याला शून्य मिळू शकते. तेव्हा या भागात आपण मुलाचा आजार मोजतो की घराचे क्षेत्रफळ, असा प्रश्न पडतो.

इथपर्यंत आल्यावर मला एक खोडी सुचली. कागदाची एक प्रत करून मी 'इंटरनेट' हा शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे 'वाचन' असे घातले, आणि पंधराव्या वर्षीचा मी म्हणून तो भरला. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ? नेहमी. घरकामाची टाळाटाळ? विहिरीचे पाणी भरायचे राहिल्याबद्दल मी मार खाल्ला आहे. अभ्यासावर परिणाम? बीजगणिताच्या पुस्तकात दिवाळी अंक घालून वाचल्याचा परिणाम वार्षिक परीक्षेत दिसला. झोपमोड? गावात वीज नुकती आली होती आणि दिवा जाळल्याबद्दल वडील बोलत, म्हणून मी देवळाच्या ओवरीतल्या दिव्याखाली बसत असे. 'एवढे प्रकरण संपू दे' हे वाक्य? आईला ते पाठ झाले होते. दुसरे काही करण्याआधी आधी ते पाहणे? शाळा सुटली की वाचनालयात नवे काही आले का हे पाहिल्याशिवाय मी घरी गेलेलो नाही. वाचनाशिवायचे आयुष्य नीरस वाटेल अशी भीती? अजून वाटते. बेरीज ६८ झाली. नातवापेक्षा अकरा गुण जास्त. घराण्याची परंपरा म्हणून हे सांगण्यासारखे आहे, पण त्या काळी माझ्या आईकडे हा कागद कोणी पाठवला नाही, याचे मी आभार मानतो.

मला वाटले, ही म्हाताऱ्याची थट्टा झाली. पण नंतर कळले की ब्रिटनमधल्या संशोधकांनी हीच खोडी रीतसर केली आहे. समाजमाध्यमांच्या व्यसनासाठी वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीत त्यांनी समाजमाध्यमांच्या जागी 'मित्रांना प्रत्यक्ष भेटणे' असे घातले आणि ८०७ लोकांकडून उत्तरे घेतली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे त्यांपैकी ६९ टक्के लोक मित्रांच्या भेटीचे 'व्यसनी' ठरले. मोजपट्टी तीच, कापड वेगळे. माणसाला जे फार आवडते त्याच्याविषयी तुम्ही या पद्धतीने विचारले, तर त्याची आवड आजारासारखी दिसू लागते.

आपल्या भाषेला हे काही नवे नाही. 'व्यसन' हा शब्द आपण किती सैल हाताने वापरतो! 'मला वाचनाचे व्यसन आहे' हे माणूस अभिमानाने सांगतो, 'चहाचे व्यसन' हसत सांगतो, आणि 'दारूचे व्यसन' दुसऱ्याविषयी, आवाज खाली आणून सांगतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांची यादी आहे. तीत द्यूत आणि मद्य आहेत तसेच दिवसा झोपणे, गाणे-बजावणे-नाचणे आणि उगाच भटकणे हेही आहे. ती फूटपट्टी लावली तर दुपारी वामकुक्षी करून संध्याकाळी गाण्याच्या बैठकीला जाणारा आपला प्रत्येक वाचक दोन व्यसनांचा धनी ठरेल. उलट पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून ज्या माणसांसाठी काम करीत आले आहे त्यांच्या घरी हा शब्द कोणी हसत उच्चारत नाही. एकच शब्द एका टोकाला कौतुक आणि दुसऱ्या टोकाला स्मशान दाखवतो. तो शब्द शिक्क्यावर घालून चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी पाठवताना शाळेने त्याचे वजन करून पाहिले होते काय?

आता थोडे गणित. माझे बीजगणित कसे बुडाले ते वर सांगितलेच आहे, पण हे अंकगणित आहे. समजा, एका शाळेत एक हजार मुले आहेत आणि त्यांपैकी वीस मुलांना खरोखर मदत हवी आहे. समजा, प्रश्नावली उत्तम आहे, शंभरांत नव्वद वेळा बरोबर सांगते. तर त्या वीसांपैकी अठरा मुले ती शोधून काढील; छान. पण उरलेल्या ९८० मुलांपैकी दहा टक्के, म्हणजे ९८ मुलांवरही ती चुकून बोट ठेवील. ज्यांच्या घरी शिक्का गेला अशी मुले झाली ११६. त्यांत ९८ निर्दोष. म्हणजे दर सहा घरांपैकी पाच घरांत कपाटाला उगाच कुलूप लागले. हा कोणाचा खोटेपणा नव्हे, हा संख्येचा स्वभाव आहे. दुर्मिळ वस्तू मोठ्या ढिगात शोधायला गेले की चाळणीत खडेच जास्त येतात. ज्याला हे ठाऊक आहे तो डॉक्टर चाळणीतला प्रत्येक दाणा हातात घेऊन पाहतो. ज्याला ठाऊक नाही तो चाळणीलाच निवाडा समजतो.

इतका वेळ मी दोष दाखवले. पण एकांगी टीका ही अर्धी टीका होय. या कागदाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, आणि ते मी मनापासून बोलणार आहे.

यंगबाईंनी १९९६ साली एका त्रेचाळीस वर्षांच्या गृहिणीची हकीकत प्रसिद्ध केली होती. तिला यंत्रांची आवड नव्हती, घरी समाधान होते, पूर्वी कसलाही मानसिक आजार नव्हता. आणि तरीही ती इंटरनेटवरच्या गप्पांत इतकी ओढली गेली की घर विस्कटले. अशा बाईला त्या काळी कोणी गंभीरपणे ऐकून घेतले नसते. 'यंत्र बंद कर म्हणजे झाले' हाच सल्ला मिळाला असता. तिच्या दुःखाला प्रश्नांचे रूप देणे ही करुणेची गोष्ट होती. दारूच्या बाबतीतही हेच घडलेले आहे. अमेरिकेतील डॉक्टर जॉन युइंग यांचे चार साधे प्रश्न १९८४ साली प्रसिद्ध झाले : कमी करावेसे वाटले का, कोणी बोलले तर राग आला का, अपराधी वाटले का, सकाळी उठताच लागली का. दोनांना 'होय' आले तर डॉक्टरने पुढे बोलावे. या चार प्रश्नांमुळे कितीतरी डॉक्टरांना जे विचारायला संकोच वाटत होता ते विचारता आले. चांगली प्रश्नावली दाराच्या कडीसारखी असते. ती वाजवल्याने कोणी दार उघडते, आणि मग आत जाऊन बसायचे असते.

आत बसणारी माणसेही आहेत. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ सालापासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळा दवाखाना चालतो. तिथे येणारी मुले आणि त्यांचे आईबाप काही हौसेने येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून अमलात आली, संगणकीय खेळांच्या विकाराला जागा दिली आहे. लक्षात घ्या, सबंध इंटरनेटला नव्हे, खेळांना. आणि त्यासाठी तासांचा हिशेब मांडलेला नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि यामुळे घर, शाळा, मैत्री यांची खरोखर पडझड होणे, हे सर्व साधारणपणे वर्षभर दिसले पाहिजे असे तिथे म्हटले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथाने तर २०१३ साली याला 'अधिक अभ्यास हवा' अशा परिशिष्टवजा विभागातच ठेवले. जाणते लोक इतके जपून पावले टाकतात, आणि आपण मात्र एका तासिकेत पन्नास मुलांचा निकाल लावतो.

आणखी एक उणीव आहे, ती मला सर्वांत मोठी वाटते. माझ्या वाचनाच्या प्रयोगात मी स्वतःच्या सोयीची एक गोष्ट गाळली होती. पुस्तकाला शेवटचे पान असते. वाचनालय आठ वाजता बंद होत असे, आणि ग्रंथपाल माझ्या हातातला अंक काढून घेत असत. आजच्या मोबाइलला शेवटचे पान नाही. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते, बोटाने कितीही सरकवले तरी तळ लागत नाही. पान संपू नये म्हणून हुशार माणसे पगार घेऊन काम करतात. वीस प्रश्नांपैकी एकही प्रश्न या बाजूला तोंड करून विचारलेला नाही. साऱ्या प्रश्नांचे बोट भरणाऱ्याकडे. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून जेवणाऱ्याच्या जिभेची तपासणी करावी, तसे हे झाले.

तेव्हा करायचे काय? मी काय केले ते सांगतो, आणि ते काही मोठे नाही. एका संध्याकाळी गॅलरीत नातवाजवळ तो कागद घेऊन बसलो. त्याने कागद पाहून मान फिरवली. 'तुम्हीपण बेरीज करणार का?' मी म्हटले, 'नाही. यातला कुठला प्रश्न तुला खरा वाटला, एवढंच सांग.' तो पुष्कळ वेळ गप्प बसला. मग त्याने एका ओळीवर बोट ठेवले. ओळीचा आशय असा होता की, वेळ कमी करण्याचा प्रयत्न करूनही जमले नाही, असे होते का?

मग हळूहळू कळले. त्याचा जिवलग मित्र जूनमध्ये वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेला होता. तो रात्री उशिरा मोकळा होई, म्हणून दोघे अंथरुणात पडून बोलत. 'ते मला हवं असतं, आजोबा. पण तो झोपला की मी उगाच बघत बसतो. तासभर. काय बघितलं तेपण आठवत नाही. तो तास मला नको असतो.'

मला वाटते, त्या कागदावरच्या साऱ्या बेरजेहून हे एक वाक्य मोलाचे आहे. मित्राचा तास आणि नको असलेला तास हे दोन तास प्रश्नावलीने एकाच रकान्यात टाकले होते. मी तिची थट्टा केली खरी, पण तिने खोटे सांगितले नव्हते, हेही मला कबूल करावे लागले. काहीतरी दुखत होते. फक्त ते कुठे दुखते हे तिला सांगता आले नव्हते, कारण ज्या प्रश्नावर मुलाचे बोट थांबले त्याला तिने पाचच गुण ठेवले होते. तेवढेच, जेवढे ई-पत्रे आधी पाहण्याला. ताबा सुटण्याची गोष्ट आणि टपाल पाहण्याची गोष्ट एकाच भावाने विकायची, हा परीक्षकाचा अपराध आहे. माझ्या हाताखालच्या शिक्षकाने अशी गुणवाटणी केली असती तर मी प्रश्नपत्रिका परत केली असती.

सूनबाईंना मी सारे सांगितले. त्या माउलीचे काही चुकले होते असे मला वाटत नाही. ज्या आईच्या हाती तसा शिक्का पडेल ती कुलूपच लावील. कपाट उघडले. मित्राचा फोन आता आठ वाजता, दिवाणखान्यात, सर्वांदेखत येतो. नागपूरच्या आईनेही ते मान्य केले. रात्री दहा वाजता घरातले सगळे मोबाइल देवघराशेजारच्या फळीवर जातात. सगळे म्हणजे सगळे. हा नियम पहिल्यांदा मोडला तो चिरंजीवांनी, कचेरीच्या कामाचे निमित्त करून. दुसऱ्यांदा मी, क्रिकेटसाठी. नातू तिसरा. तो नको असलेला तास पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. अधूनमधून येतो. पण आता तो आला की मुलगा सांगतो, आणि मामा आले की ताटावरून उठत नाही.

आता समीक्षकाचे शेवटचे काम, म्हणजे अभिप्राय. ही कृती टाकाऊ नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नव्या यंत्रापुढे गोंधळलेल्या माणसांसाठी सद्हेतूने लिहिलेली ती पहिली खर्डेवजा प्रत आहे, आणि आपण ती छापील धर्मग्रंथासारखी वाचतो आहोत. जाणत्याच्या हातात ती उपयोगी पडेल. शिक्क्यासह घरोघर धाडली तर अपाय करील. नव्या आवृत्तीत ताबा, झोप आणि पडझड यांविषयीचे पाचसहा प्रश्न ठेवून बाकीचे गाळावेत. 'वारंवार' आणि 'बऱ्याच वेळा' यांतला एक शब्द काढावा. एक प्रश्न यंत्राविषयी घालावा. बेरजेची चौकट काढून टाकली तरी चालेल. तिच्या जागी कागदाच्या तळाशी चार ओळींची कोरी जागा सोडावी, मुलाला आपणहून काही लिहावेसे वाटले तर. आणि तो कागद त्याच्या हाती परत देताना शेजारी कोणीतरी बसावे.